थर्माकोलचा उजेड

शिवाजी पेठ, कोल्हापूर
३० जून २०२५

ति. मामा,
साष्टांग नमस्कार.

परवा, अठ्ठावीस तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं सगळं बदललं. वेळ अंदाजानं सांगत नाही, फोटोच्या फाइलवर ती उमटलेली आहे.

तुम्ही म्हणाल, कॉलेज सोडलं तेव्हाच काय ते बदललं. नाही. ते आबांच्या दृष्टीनं बदललं. दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडल्यापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेला असतो आणि ते तिला सांगतात, "त्याला म्हणावं, भात घे." परवापर्यंत मी उदयदादांच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढणारा होतो. चार दहाला मी फोटोग्राफर झालो.

पाऊस असा की समोरची माणसं नुसती हलताना दिसत होती. लाइट गेलेली. मी स्टुडिओच्या पायरीवर, पत्र्याखाली, कॅमेरा घेऊन बसलेलो. समोर मेडिकल आहे. औषधांचा टेम्पो आला आणि ड्रायव्हरनं थर्माकोलचं खोकं सरळ फुटपाथवर ठेवलं, पावसात. झाकणाची पट्टी सुटलेली. आतून मेडिकलमधली मुलगी धावत आली. अंगातला पांढरा एप्रन काढला, खोक्यावर टाकला, खोकं छातीशी धरलं आणि स्वतः भिजत त्या ड्रायव्हरला जी सुरू झाली!

"अवो पावणं, इन्सुलिन हाय ह्यात! तुमच्या आईला टोचायचं असतं तर असं ठेवलं असतं व्हय?"

मी एकच फोटो काढला. तिला कळलंही नाही. मागं दुकानातला काळोख, त्यावर पाऊस, आणि मधे तो चेहरा, असा उजळलेला की कुणीतरी आतून दिवा लावलाय.

उदयदादांना दाखवला. ते म्हणाले, "हसत न्हाय रं पोरगी. असला फोटो कोण घेणार? डिलीट मार." मामा, ज्या माणसाला तेरा वर्षं स्टुडिओ चालवून फोटोत फक्त दात दिसतात त्याच्यासाठी मी डिग्री सोडली? मी उठलो, बाहेर आलो आणि दार आपटलं. दार लाकडी आहे, पावसानं फुगलंय. आपटलं की परत उघडतं. आतून ओरडले, "उचलून लाव की! किती दिवस सांगतोय." म्हणजे इथं माझा रागसुद्धा नीट लागत नाही.

प्रिंट सोबत आहे. काय चुकलं ते लिहा. फोन करत नाही, कारण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागलो की तुमच्या सूनबाई, म्हणजे वहिनी, फोन काढून घेतात.

ती मुलगी कोण ते महत्त्वाचं नाही.

तुमचा
राजवीर

कागल
४ जुलै

चि. राजवीर,
आशीर्वाद.

फोटो पोचला. चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला. लेका, जमलंय. तीस वर्षं मी स्टुडिओ चालवला, पण असा पाऊस मला दोनदाच सापडला.

आता ऐक. पाऊस दिसतो तो मागं काळोख असला तरच. आभाळासमोर कितीही धो-धो पडू दे, फोटोत तो येत नाही. तुला दुकानाचा काळोख आयता मिळाला, त्यात तुझं कर्तृत्व काही नाही, ते वीजवाल्यांचं. आणि चेहऱ्यावर उजेड कुठनं आला, सांग बघू? वरनं आला असता तर डोळ्यांखाली काळं पडलं असतं. तो खालनं आलाय, त्या पांढऱ्या खोक्यावरनं आणि एप्रनवरनं. आम्ही लग्नात नवरीच्या मांडीवर पांढरा टॉवेल टाकून जे करायचो ते तिनं इन्सुलिन वाचवताना केलं. ढगातला उजेड फार मायाळू असतो, फक्त तो कुठं पडून परत येतोय ते बघायला शिक.

चुकलं ते हे. वरच्या कोपऱ्यात आभाळाचा पांढरा तुकडा घेतलास, तो काप. डोळा तिकडं पळतो. शटर जरा हळू ठेवलं असतंस तर थेंबांच्या रेघा झाल्या असत्या. आत्ता ते साबुदाण्यासारखे लोंबकळतायत. आणि भिंग रुमालानं पुसू नकोस. धोतराचा जुना तुकडा पाठवतोय, पन्नास धुण्यांचा आहे.

आणखी एक. फोटो टेबलावर होता तेव्हा हंबीरराव आले होते. हायवेला त्यांचं मेडिकल आहे, मुलाचं बघतायत. फोटो हातातून खाली ठेवीनात. "पोरगी कुणाची?" म्हणून तीनदा विचारलं. मी म्हटलं, भाच्याला विचारून सांगतो. तर विचारतो. तुझं तिच्यात काही असेल तर एक ओळ लिही. फोटो ट्रंकेत जाईल आणि माझ्या तोंडाला कुलूप. नसेल तर तिचं नावगाव कळव. घर चांगलं आहे.

तुझा
आकाराममामा

शिवाजी पेठ
८ जुलै

ति. मामा,
सा. न.

मी तुम्हाला फोटो पाठवला आणि तुम्ही मला स्थळ पाठवलं! कमाल आहे. कोल्हापूर जिल्ह्यात एक माणूस असा नाही का, की ज्याला मुलीचा फोटो बघून लग्न सोडून दुसरं काही सुचतं?

माझं तिच्यात काहीही नाही. लिहून देतो. काहीही नाही. नाव क्रांती. डी. फार्म. झालेली. कसबा बावड्यात राहते, वडील साखर कारखान्यातून रिटायर झालेत, आकडी मिशा आहेत. पावणेदहाला येते, लाल स्कूटीवरून. घड्याळ उजव्या हातात घालते. गिऱ्हाईक म्हातारं असलं तर गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं सूर्य आणि चंद्र काढून देते, म्हणजे सकाळची कुठली, रात्रीची कुठली ते कळावं. एवढंच मला माहीत आहे, कारण मला तिच्याशी काही देणंघेणं नाही. द्या तुमच्या हंबीररावांना फोटो, मला काय!

इथली तऱ्हा ऐका. रविवारी प्री-वेडिंग होतं, पावसातलं पाहिजे म्हणाले. बाहेर पाऊस कोसळतोय, आणि उदयदादांनी काय केलं? मंगल कार्यालयाच्या शेडमध्ये नळीनं पाऊस पाडला! "खरा पाऊस मेकअप घालवतोय." जुलै महिन्यात कोल्हापुरात नळीचा पाऊस! मी म्हटलं, मी हे काढणार नाही. ते म्हणाले, "मग नळी धर." तीन तास नळी धरून उभा होतो मामा. नवरदेवाच्या कानात पाणी गेलं ते चुकून नव्हे.

तुमचं धोतर कामाला आलं. पावसाचे सहा फोटो पाठवतोय. कॅमेरा दुधाच्या पिशवीत घालून, भिंगापुरतं भोक पाडून काढलेत. यात एकही मुलगी नाही. आता तरी फोटोवर बोला.

राजवीर

कागल
१४ जुलै

चि. राजवीर,
आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला जड जातंय, म्हणून आधी प्रिंटचं सांगतो.

तुझं पाकीट भिजून आलं. चिठ्ठी वाचता आली, पण सहाही प्रिंट एकमेकांना चिकटून त्यांची वडी झालेली. ओढले असते तर फाटले असते. परातीत साधं पाणी घेऊन भिजत घातले, एकेक सुटा केला, दोरीवर चिमट्यांनी लावला. या हवेत वाळायला दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी ओळीनं बघितले. पहिल्यात पाण्याचं डबकं, डबक्यात पाटीवरची हिरवी फुली. दुसऱ्यात छत्रीवाली म्हातारी, तिच्या हातात औषधाची पिशवी. तिसऱ्यात भिजलेली लाल स्कूटी. चौथा, पाचवा, सहावा, सगळ्यांत तेच मेडिकल. राजा, तू पावसाचे फोटो काढतोयस की त्या दुकानाचे? मुलगी एकातही नाही, पण तिच्याशिवाय दुसरं काही नाही.

मला तेव्हा कळलं. पण चिठ्ठी मी आधी वाचली होती. तू लिहून दिलंस, काहीही नाही, आणि मी लिहिलेलं खरं मानणारा माणूस. चिठ्ठी आली त्याच संध्याकाळी हंबीररावांना नावगाव सांगितलं, फोटोही दिला. ते येत्या रविवारी, वीस तारखेला, बावड्याला बघायला जाणार आहेत. तुझ्या वहिनीकडून तुला चार वेळा फोन लावला. तू नातेवाइकांचे फोन उचलत नाहीस.

अजून पाच-सहा दिवस आहेत. जा आणि तिच्याशी बोल. माझ्याशी भांडण नंतर कर.

आकाराममामा

शिवाजी पेठ
१७ जुलै

मामा,

नमस्कार लिहीत नाही.

तुम्ही तीस वर्षं लोकांचे चेहरे वाचलेत म्हणता, आणि माझं पत्र वाचता आलं नाही? "काहीही नाही" असं कुणी दोनदा लिहितं का? काही नसलेला माणूस एकदाच लिहितो! तुमच्या ट्रंकेत जागा नव्हती? तो फोटो माझा होता. मी काढला होता. मी पायरीवर भिजत बसलो, मी एका सेकंदाच्या अडीचशेव्या भागात तिला पकडलं, आणि तुम्ही ते उचलून हायवेच्या मेडिकलवाल्याला दिलंत, चहाबरोबर खारी द्यावी तसं!

आणि "जा, बोल" म्हणे. जसं काही मी गेलोच नाही! मेडिकल बारा पावलांवर आहे. पत्र मिळाल्यापासून तीनदा गेलो. पहिल्यांदा खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. दुसऱ्यांदा खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्यांदा तिनं बरणीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमाला खोकला न्हाय. एकदा खोकून दावा, मग देते." मागं तीन गिऱ्हाइकं हसली. मी खोकलो मामा! बोलायला गेलो होतो आणि खोकून आलो.

याला जबाबदार तुम्ही.

राजवीर

शिवाजी पेठ
२२ जुलै

मामा,

सोबत एक चिठ्ठी उतरवून पाठवतोय. तिला विचारून उतरवली आहे. म्हणाली, "पाठव, त्यांनी वाचायलाच पायजे."

त्याआधी काय झालं ते सांगतो. रविवारी बावड्याला जाताना हंबीररावांची गाडी आमच्या स्टुडिओसमोर थांबली. उदयदादांच्या हातात पेढा ठेवून म्हणाले, "तुमच्या फोटोनं पोरगी दावली." ज्या फोटोला डिलीट मार म्हणाले होते तो उदयदादांनी तासाभरात मोठा करून फ्रेम केला, खाली स्वतःचं नाव टाकलं, आणि रस्त्याकडच्या शोकेसमध्ये लावला. वर पाटी: 'स्थळासाठी खास पावसाळी फोटो काढून मिळतील.' मी नव्हतो, मी एका बारशाला गेलतो. सोमवारी पावणेदहाला ती स्कूटीवरून उतरली आणि समोर तीच. दुपारी ही चिठ्ठी आली.

"राजवीर,

आजपासून अहो-जाहो बंद.

काल पाच माणसं आमच्या घरात बसून माझा फोटो मोबाइलवर एकमेकांना दाखवत होती. असा फोटो मी कधी काढलाच नव्हता. आई मला आत नेऊन विचारते, हा कुणाला काढू दिलास? काय सांगू? शेवटी त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, आकाराम फोटोग्राफरच्या भाच्यानं काढलाय, तुमच्या दुकानासमोरच असतो. वडील माझ्याकडं बघायला लागले. पाच वर्षांत दुकानावर माझ्याबद्दल एक शब्द आला नव्हता, तो तुझ्यामुळं आला.

त्यांना नकार दिलाय. तुझ्यासाठी नव्हे. त्यांच्या फार्मासिस्टनं नोकरी सोडलीय म्हणून त्यांना सून पाहिजे. बायको नको, काउंटरवर लावायला लायसन्स पाहिजे. आणि म्हातारा म्हणाला, 'फोटूत राग लई हाय, पर लग्नानंतर ऱ्हात न्हाय.' चहाचा कप मी त्यांच्या हातातून काढून घेतला.

तुला काही बोलायचं होतं तर रस्ता ओलांडून बोलायचं. फोटो काढायचा होता तर विचारायचं. तू दोन्ही केलं नाहीस, खोकलास.

माझा चेहरा तीन ठिकाणी आहे. तुझ्या मामाकडं, त्या कागलवाल्यांकडं आणि तुझ्या काचेत. तिन्ही ठिकाणाहून परत आण. मग बोलायचं का ते ठरवीन.

फोटो चांगला आलाय. म्हणूनच जास्त राग येतो.

क्रांती"

मामा, मी तुम्हाला लिहिलं होतं, तो फोटो माझा होता. ते पत्र अजून तुमच्याकडं असेल तर जाळा.

कागलची दोन ठिकाणं तुमच्याकडं. काच माझ्याकडं.

राजवीर

कागल
२६ जुलै

चि. राजवीर,
आशीर्वाद.

हे पाकीट प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून पाठवतोय, यात दोन प्रिंट आहेत. एक तू पाठवलेला. दुसरा हंबीररावांनी मोठा करून घेतलेला. मुळातला मला परत देताना हा ठेवून घेत होते. मी ओसरीवर बसून राहिलो. चहा आला, घेतला नाही. "फोटोच तर हाय, आकाराम," म्हणाले. मी म्हटलं, मीही तीस वर्षं असंच म्हणत आलो. शेवटी मुलानं आणून दिला आणि मोबाइलमधला माझ्यासमोर पुसला. मुलगा वाईट नाही. आमची वीस वर्षांची ओळख मात्र त्या ओसरीवर राहिली.

तिला सांग, आकाराम चुकला. तुला मी विचारलं, हंबीररावांना विचारलं, तिला विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माझ्या स्टुडिओच्या काचेत एका बाईंचा फोटो सहा वर्षं होता. केस वाळवताना काढलेला, फार सुरेख. एक दिवस तिच्या भावानं दगड मारून काच फोडली. आजवर मी ती गोष्ट काचेची म्हणून सांगत आलोय. ती बाई रोज त्या रस्त्यानं बाजारला जायची, मान खाली घालून. ते मला क्रांतीची चिठ्ठी वाचून आठवलं.

तुझ्या उदयदादाशी बोलताना आवाज खाली ठेव. आणि त्याच्या कॅमेऱ्याला इजा करू नकोस, त्यानं काही केलेलं नाही.

आकाराममामा

शिवाजी पेठ
२९ जुलै

ति. मामा,
साष्टांग नमस्कार.

हा कागद मेडिकलच्या बिलाच्या पॅडचा आहे. का ते विचारू नका.

तुमचं पाकीट आज दुपारी मिळालं, कोरडं. तसाच उदयदादांसमोर जाऊन उभा राहिलो. ते एका आई-मुलीला पावसाळी फोटोचे दर सांगत होते. मी म्हटलं, "दादा, काचेतला फोटो काढतोय."

"का? त्या फोटोवर पाच गिऱ्हाइकं आलीत."

"जिचा आहे तिला नकोय."

"जिचा म्हंजे? कॅमेरा माझा, कार्ड माझं, कागद माझा, शाई माझी."

"आणि तोंड?"

"तोंड रस्त्यावर हुतं. रस्त्यावरचं तोंड समद्यांचं."

मामा, आवाज खाली ठेवायचा असं मी दहा वेळा घोकून गेलो होतो. पण त्या शेवटच्या तीन शब्दांत आबा होते, हंबीरराव होते, नळीचा पाऊस होता, आणि खरं सांगतो, पायरीवर बसलेला मीपण होतो. म्हणून जास्त चढलं. मी ओरडलो. म्हटलं, तेरा वर्षं तुम्ही लोकांना 'हसा' म्हणत आलात, कुणाला एकदा तरी 'चालेल का?' म्हणालात? म्हटलं, जी मुलगी दुसऱ्याचं औषध वाचवायला अंगातला एप्रन काढते, तिला तुम्ही पाटीखाली लावलंत, दुकानातल्या साडीसारखं! समोरची मुलगी आईला म्हणाली, "चल, आपण निघू." आई म्हणाली, "थांब गं, ऐकू दे."

शोकेसची किल्ली ड्रॉवरमध्ये असते. काच सरकवली, फ्रेम काढली, पाटी काढली. फ्रेम दादांची, म्हणून मागचे खिळे वाकवून फोटो तेवढा घेतला. मग कॉम्प्युटरवर बसलो, फाइल पुसली, कार्डातलीही पुसली. दादांनी हात धरला नाही. कमरेवर हात ठेवून नुसते बघत होते.

"असला फोटो परत मिळणार न्हाय तुला," म्हणाले. राग नव्हता त्यात. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की त्या माणसाला फोटो कळतो. पहिल्या दिवशीही कळला होता. तरी डिलीट मार म्हणाले होते.

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मग उद्यापासनं तूपण रस्त्यावर."

कॅमेरा तुमच्या धोतरानं पुसला, भिंगाला टोपण लावलं, काउंटरवर ठेवला. त्याला इजा केली नाही. काचेतला फोटो गुंडाळला, तुमचं पाकीट त्याला जोडलं, दोन्ही दुधाच्या पिशवीत घातलं. छत्री नव्हती. शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि पिशवी आत, छातीशी धरली.

बाहेर पाऊस सुरू होता आणि लाइट गेलेली. समोर मेडिकल काळोखात बुडालेलं, त्या काळोखावर पावसाच्या लांब रेघा, आणि उंबऱ्यावर पांढरा एप्रन घालून ती, हाताची घडी घातलेली. शोकेसकडं बघत होती. हसत नव्हती. तुम्ही म्हणता ना, उजेड कुठं पडून परत येतोय ते बघ. एप्रनवरनं येत होता. मामा, असा उजेड मी कधी बघितला असेल तर शपथ, आणि हातात कॅमेरा नव्हता.

मागून दादा म्हणाले, "दार!"

मी बाहेर पडलो, वळलो, एका हातानं दार जरा वर उचललं आणि लावलं. लागलं.